नऊ की दहा? इंद्रलाल रॉयचा जुलै १९१८

सप्टेंबर १९१८च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये एका मृत अधिकाऱ्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, म्हणजे डीएफसी हे शौर्यपदक जाहीर झाले. त्याने तेरा दिवसांत शत्रूची नऊ विमाने निकालात काढली, असे मानपत्रात म्हटले होते. अधिकारी होता लेफ्टनंट इंद्रलाल रॉय. राहणारा मूळ कलकत्त्याचा, वय एकोणीस. पुढे हवाई युद्धाच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी चाळून जी यादी लावली तिच्यात दहा विमाने आहेत आणि आज सगळीकडे हाच आकडा छापला जातो. यादीतले पहिले विमान ६ जुलैचे, दहावे १९ जुलैचे. दोन्ही टोके धरून मोजले तर दिवसही तेरा नव्हेत, चौदा भरतात.

एका विमानाच्या किंवा एका दिवसाच्या फरकाने रॉयची कर्तबगारी कमी-जास्त होत नाही. पण आपल्याकडे त्याची गोष्ट बहुधा एका ओळीत आटोपते: पहिल्या महायुद्धात दहा विमाने पाडणारा पहिला भारतीय ‘एस’. पाच किंवा अधिक हवाई विजय नावावर असलेल्या वैमानिकाला ‘एस’ म्हणत. त्या ओळीत दहा हा आकडा इतका ठसठशीत बसतो की तो आला कुठून, कोणती विमाने, कशी, कुणाबरोबर, हे विचारायचे राहूनच जाते. आणि खरी माहिती तिथेच आहे.

पहिली गोष्ट, विजय मोजायचे कसे? १९१८मध्ये ब्रिटिशांचे धोरण सतत शत्रूच्या हद्दीत घुसून गस्त घालण्याचे होते. त्यात फ्रान्समध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे घोळक्यात गिरक्या घेत चाललेली लढत हळूहळू पूर्वेला, जर्मन बाजूला सरकत जाई. गोळी लागलेले जर्मन विमान पडे ते जर्मन खंदकांच्या मागे. तिथे जाऊन अवशेष कोण मोजणार? म्हणून ब्रिटिश नोंदीत जळालेल्या किंवा जमिनीवर आदळताना दिसलेल्या विमानांबरोबरच ‘ताबा सुटून खाली जाताना दिसलेली’ विमानेही विजयात धरली जात. यातली काही खरोखर कोसळत. काहींचा वैमानिक मात्र मुद्दाम गिरकी खात खाली जाई, ढगाखाली विमान सावरे आणि संध्याकाळी जेवायला हजर असे. शिवाय एकच विमान दोघा-तिघांनी मिळून पाडले तर त्याची नोंद प्रत्येकाच्या नावावर होऊ शके. रॉयच्या यादीतही असे दोन्ही प्रकार आहेत. यात लबाडी नव्हती. पंधरा हजार फुटांवर, उघड्या विमानात, स्वतःच्या शेपटीमागे कोण लागले आहे हे बघत असताना माणसाला जेवढे दिसते तेवढेच तो लिहून देऊ शकतो.

आता हा मुलगा तिथे पोहोचला कसा ते पाहू. इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८चा. घरात त्याला ‘लॅडी’ म्हणत. वडील प्यारेलाल रॉय कलकत्त्यातले नावाजलेले बॅरिस्टर. आई ललिता रॉय मुलांना घेऊन लंडनमध्ये राहत असे आणि तिथल्या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत तिचा प्रत्यक्ष सहभाग होता. १९११च्या जूनमध्ये लंडनच्या रस्त्यांवरून निघालेल्या प्रचंड मोर्चात भारतीय स्त्रियांची जी तुकडी चालली, तिच्या संघटनेत ललिताबाई होत्या. थोरला भाऊ परेशलाल पुढे बंगालमध्ये मुष्टियुद्धाचा पाया घालणारा म्हणून ओळखला गेला. एकंदरीत घर सुखवस्तू, विलायती वळणाचे, पण मान खाली घालून जगणारे नव्हे.

इंद्रलाल हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स स्कूलमध्ये शिकला. तिथून रॉयल फ्लाइंग कोअरसाठी, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या हवाई शाखेसाठी, अर्ज केला तर तो दृष्टिदोषाच्या कारणावरून फेटाळला गेला. यावर त्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून लंडनच्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि ते मत पुढे ठेवून आधीचा निर्णय फिरवून घेतला. अठरा वर्षांच्या मुलाने मोटारसायकल विकणे ही त्या काळी काही लहानसहान गोष्ट नव्हती.

डोळ्यांपेक्षा मोठी अडचण होती कातडीच्या रंगाची. ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेत भारतीय माणूस सुभेदार-जमादार या व्हाइसरॉयच्या कमिशनपर्यंत चढू शके. गोऱ्या सैनिकांना हुकूम देण्याचा अधिकार देणारे किंग्ज कमिशन त्याला बंद होते. ऑगस्ट १९१७मध्ये नऊ भारतीयांना ते देण्यात आले, तेव्हा तो धोरणातला मोठा बदल मानला गेला. रॉय त्याच्या महिनाभर आधी, ५ जुलै १९१७ला, फ्लाइंग कोअरमध्ये सेकंड लेफ्टनंट झालेला होता. वाट फोडली होती हरदितसिंग मलिक यांनी. ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचे हे पदवीधर आधी फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवत होते. ब्रिटिश घेत नाहीत म्हटल्यावर त्यांनी फ्रेंच हवाई दलाकडे विचारणा केली आणि तिकडून होकार आला. ही बातमी त्यांनी ऑक्सफर्डच्या आपल्या शिक्षकांना, फ्रान्सिस अर्कहार्ट यांना, कळवली. अर्कहार्ट यांनी फ्लाइंग कोअरचे प्रमुख जनरल डेव्हिड हेंडरसन यांना लिहिले: ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन फ्रेंचांना चालतो आणि आपल्याला चालत नाही, हे शोभते का? मलिक यांना बोलावणे आले. पगडीवर बसेल असे मोठे खास शिरस्त्राण शिवून घेऊन ते उडू लागले.

फ्लाइंग कोअरला माणसे हवी होती हे यामागचे रोकडे कारण. १९१७च्या एप्रिलमध्ये अरासच्या आघाडीवर ब्रिटिश वैमानिक इतके मेले की तो महिना ‘रक्तरंजित एप्रिल’ या नावाने इतिहासात राहिला. अशा वेळी नियमांची धार थोडी बोथट होते. उदारमतवाद होताच, पण गरज त्याच्या आधी जागी झाली, असे माझे मत.

फ्रान्समधल्या वांदोम इथे उड्डाण आणि स्कॉटलंडमधल्या टर्नबेरी इथे मशीनगनची नेमबाजी असे शिक्षण घेऊन रॉय ऑक्टोबर १९१७च्या अखेरीस ५६व्या स्क्वाड्रनमध्ये आला. नव्या मुलासाठी ही जागा मानाची आणि अवघडही. जेम्स मॅककडनसारखा निष्णात वैमानिक याच स्क्वाड्रनमध्ये होता. रॉयला मिळाली कॅप्टन रिचर्ड मेबरीची तुकडी. पण तिथे त्याच्या हातून काही मोठे घडायच्या आत, ६ डिसेंबरला, त्याचे एस.ई.५ए विमान उतरताना आदळले. तो बेशुद्ध झाला. त्याला मृत समजून शवागारात ठेवले, शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार ठोठावले आणि तिथल्या कर्मचाऱ्याची भीतीने बोबडी वळली, अशी कथा त्याच्याबद्दल हमखास सांगितली जाते. सांगता सांगता तिला थोडे मीठमसाले लागले असतील. इजा मात्र खरी होती: डॉक्टरांनी त्याला उड्डाणास अपात्र ठरवले.

पुढचे काही महिने तो साहित्य-सामग्रीच्या कामावर होता, म्हणजे जमिनीवर. या काळातली त्याची रेखाचित्रे उपलब्ध आहेत: विमाने, त्यांच्या झुंजी, वेगवेगळ्या कोनांतून दिसणारे पंख. चित्रे हौसेची असली तरी नजर जाणकाराची आहे. समोरचे विमान कोणत्या कोनातून कसे दिसते हे ज्याच्या बोटांत मुरले आहे, त्याला आकाशातला ठिपका ओळखायला कमी वेळ लागतो. रॉयच्या यशात या चित्रांचा वाटा होता असे सिद्ध करता येणार नाही. मला ती शक्यता सोडवत नाही एवढेच. वरिष्ठांच्या मागे लागून त्याने पुन्हा वैद्यकीय तपासणी करवून घेतली, पात्र ठरला आणि १९ जून १९१८ला ४०व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. एव्हाना १ एप्रिलपासून फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एक होऊन रॉयल एअर फोर्स जन्माला आली होती.

विमान मात्र ओळखीचे, तेच एस.ई.५ए. याची थोडी माहिती घ्यायला हवी, कारण रॉयने जे केले ते या यंत्राच्या मर्यादांत राहून केले. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, दोन पंख एकावर एक, पुढे दोनशे अश्वशक्तीचे इंजिन. वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर, उंची सतरा हजार फुटांच्या आसपास. त्या काळच्या सॉपविथ कॅमलसारखे ते चपळ नव्हते, पण सूर मारताना भक्कम राही आणि स्थिर असल्यामुळे नेम चांगला साधे. बंदुका दोन. पहिली विकर्स, नाकाच्या डाव्या बाजूला, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणारी. पाते बंदुकीच्या तोंडासमोर असताना गोळी सुटू नये यासाठी रुमानियात जन्मलेले अभियंते जॉर्ज कॉन्स्टँटिनेस्को यांनी एक अफलातून यंत्रणा काढली होती: इंजिनाची गती तेलाने भरलेल्या नळीतून दाबाच्या लहरींच्या रूपाने बंदुकीच्या चापापर्यंत पोहोचे.

दुसरी बंदूक लुईस, वरच्या पंखावर, पंख्याच्या वरून गोळ्या झाडणारी. तिच्या थाळीसारख्या मॅगझिनमध्ये ९७ गोळ्या. त्या संपल्या की पायलटने उड्डाणाचा दांडा गुडघ्यांत धरायचा, कमानदार रुळावरून बंदूक मागे आपल्याकडे ओढायची, तोंडावर आदळणाऱ्या वाऱ्यात जड थाळी काढून दुसरी बसवायची आणि बंदूक पुन्हा वर ढकलायची. हे सगळे कुणी आपल्यावर गोळ्या झाडत असताना. पण त्याच रुळाचा एक फायदा होता. बंदूक अर्धवट मागे ओढली की तिचे तोंड वर होई आणि शत्रूच्या पोटाखालून, त्याला न दिसता, वरच्या दिशेने मारा करता येई. कॉकपिट उघडे, प्राणवायूची सोय नाही, थंडीने चेहरा फुटू नये म्हणून व्हेलचे तेल चोपडायचे. आणि पॅराशूट नाही. निरीक्षणाच्या फुग्यांतल्या लोकांना ते दिले जाई. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत मिळाले नाही. जर्मन वैमानिकांना मात्र १९१८मध्ये मिळू लागले होते.

४०व्या स्क्वाड्रनमध्ये रॉय ज्याच्या तुकडीत आला तो कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय हा डब्लिनचा आयरिश. त्याच्या नावावर एकूण चाळिसाहून अधिक विजय आहेत. त्याला घडवले मिक मॅनॉकने, जो आधी याच स्क्वाड्रनमध्ये होता. मॅनॉकची शिकवण थोडक्यात अशी: शत्रूवर नेहमी उंचीवरून जा, सूर्य पाठीशी ठेवा, एकट्याने शौर्य दाखवायला जाऊ नका, आणि अगदी जवळ पोहोचेपर्यंत गोळी झाडू नका. यात सरदारी द्वंद्वयुद्धाचा लवलेश नाही. पाच-सहा विमानांच्या तुकडीने शिस्तीत फिरायचे, नायकाने शत्रू आधी हेरायचा, नवख्याला आपल्या आडोशाने पहिला नेम साधू द्यायचा. मॅनॉककडून मॅकेलरॉयकडे आणि मॅकेलरॉयकडून रॉयकडे हे असे आले. एकाच माणसाला डिसेंबरमध्ये काहीच जमले नाही आणि जुलैत सगळे जमले, याचे उत्तर मला इथे दिसते.

आता ती यादी; नावे जर्मन विमानांच्या प्रकारांची. ६ जुलैला भल्या पहाटे एक हॅनोव्हर. ८ जुलैला सकाळी चार तासांच्या आत तीन: दोन हॅनोव्हर आणि एक फोकर डी-७. १३ जुलैला दोन: सकाळी हॅनोव्हर, संध्याकाळी फाल्झ. १५ जुलैला संध्याकाळी हुलुशजवळ एकाच झुंजीत दोन फोकर डी-७. १८ला एक डीएफडब्ल्यू. १९ला पुन्हा एक हॅनोव्हर. सगळे लांस, अरास आणि दुए या तीन शहरांच्या टापूत.

या दहांत पाच हॅनोव्हर आणि एक डीएफडब्ल्यू, म्हणजे सहा विमाने दोन आसनी आहेत. पुढे चालक, मागे फिरत्या मशीनगनवर निरीक्षक. चित्रपटांनी आपल्या डोक्यात बसवलेले चित्र दोन लढाऊ वैमानिकांच्या झटापटीचे असते, पण युद्धाच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती ही दोन आसनी विमाने. खंदकांचे फोटो काढणे, आपल्या तोफांचे गोळे कुठे पडताहेत ते सांगून नेम दुरुस्त करणे, चालून जाणाऱ्या पायदळाला वरून मदत करणे ही कामे ती करत. पहिल्या महायुद्धात सर्वाधिक सैनिक मारले ते तोफखान्याने, आणि त्या तोफखान्याचे डोळे आकाशात होते. ते फोडायचे हे लढाऊ वैमानिकाचे मुख्य काम. त्यांना राखण देणाऱ्या फोकरशी गाठ पडे ती ओघाने.

हॅनोव्हर हे सोपे सावज मुळीच नव्हते. आकाराने आटोपशीर असल्यामुळे लांबून ते एकआसनी वाटे आणि बेसावध हल्लेखोर मागून सरळ जवळ गेला की मागचा बंदूकधारी त्याचे स्वागत करी. शेपूटही दुमजली आणि आखूड ठेवली होती, म्हणजे त्या बंदुकीला मारा करायला जास्तीत जास्त मोकळी जागा मिळावी. अंगावर कापडाऐवजी प्लायवूड, त्यामुळे मार सोसण्याची ताकद चांगली. अशा विमानाकडे जायची वाट एकच: मागून आणि खालून, शेपटीच्या आडोशाने, जिथे बंदूकधाऱ्याला गोळी झाडता येत नाही तिथे. विमान वेळीच ओळखणे, त्याच्या पोटाखालच्या आंधळ्या जागेत शिरणे आणि तिथे पुरेसा वेळ टिकणे यात आंधळ्या धाडसाला वाव कमीच. हे दोन आठवड्यांत पाच वेळा करणारा मुलगा नशीबवान तर होताच, पण हिशेबी आणि थंड डोक्याचाही असला पाहिजे.

फोकर डी-७ ही दुसऱ्या टोकाची कसोटी. १९१८च्या वसंतात आघाडीवर आलेले हे एकआसनी विमान त्या काळातल्या सर्वोत्तम लढाऊ विमानांत गणले जाते. जास्त उंचीवरही त्याची पकड सुटत नसे. नोव्हेंबरमधल्या युद्धबंदीच्या अटींत जर्मनांनी सोपवायच्या सामग्रीत या एका विमानाचा नाव घेऊन उल्लेख आहे. दोस्तांना त्याचा किती धसका होता हे त्यावरून कळते.

२२ जुलैला कार्व्हँच्या आकाशात रॉयच्या गस्तीची गाठ पडली ती याच फोकरशी. जर्मनांचे २९वे याश्टाफेल, म्हणजे शिकारी स्क्वाड्रन, समोर होते. झुंजीत रॉयचे विमान पेटले आणि जर्मन बाजूला कोसळले. ४०व्या स्क्वाड्रनमध्ये येऊन त्याला पाच आठवडेही पुरे झाले नव्हते. एस्तव्हेल गावच्या स्मशानभूमीत त्याची कबर आहे, आणि तिच्या शिळेवर बंगालीतही मजकूर कोरलेला आहे.

त्या महिन्याने ब्रिटिश हवाई दलाची अनुभवी माणसेही ओढून नेली. मॅककडन ९ जुलैला अपघातात गेला. मॅनॉक २६ जुलैला: पाडलेल्या विमानाच्या मागोमाग खाली गेला आणि जमिनीवरच्या गोळीबारात सापडला. हे करू नका म्हणून इतरांना बजावणारा तोच. मॅकेलरॉय ३१ जुलैला, तोही जमिनीवरून झालेल्या माऱ्यात. शिकवणारा, त्याचा शिष्य आणि शिष्याचा शिष्य, तिघेही दहा दिवसांत संपले.

रॉयच्या आगेमागे आणखी तिघे भारतीय याच दलात लढत होते. कलकत्त्याचा एरोल सेन १९१७च्या सप्टेंबरमध्ये जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. मलिक २६ ऑक्टोबर १९१७च्या झुंजीत पायाला गोळी लागूनही वाचले. उतरल्यावर त्यांच्या कॅमल विमानात चारशेहून अधिक भोके मोजली गेली. ते पुढे आयसीएसमध्ये गेले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. तिसरा आपला मुंबईकर, श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण २३व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत होता. २७ जून १९१८ला तो गस्तीवरून परतला नाही. जखमी अवस्थेत जर्मनांच्या ताब्यात सापडून तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. पुरताना जर्मनांनी आडनाव भलतेच लिहिले, त्यामुळे ही कबर त्याचीच हे कळायला युद्धानंतर काही वर्षे जावी लागली. सोम भागातल्या हँगार इथे ती आहे. रॉयच्या नावाने कलकत्त्यात रस्ता आहे, १९९८मध्ये जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघाले. वेलिणकरचे नाव मुंबईत किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. त्याच्या नावावर दहाचा आकडा नाही, एवढाच काय तो फरक.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी भारतीय वैमानिकांसाठी उघडलेले हे दार पुन्हा लावून घेतले. भारतीयांना हवाई दलात अधिकारी म्हणून घ्यावे अशी शिफारस स्कीन समितीने १९२०च्या दशकात केली, त्यानंतर १९३०मध्ये पहिले भारतीय कॅडेट इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात शिकायला गेले. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ला स्थापन झाले आणि त्याचे पहिले स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ला कराचीत उभे राहिले. त्यात चार वेस्टलँड वापिटी विमाने होती, दोन आसनी, पुढे चालक आणि मागे बंदूकधारी. कामही ठरलेले होते: वायव्य सरहद्दीवर पायदळासाठी टेहळणी करणे, निरोप पोहोचवणे, लागेल तिथे वरून मारा करणे. म्हणजे जुलै १९१८मध्ये रॉय ज्यांच्या पोटाखाली शिरत होता, त्या विमानांचे काम. एकआसनी लढाऊ विमाने भारतीय स्क्वाड्रनना मिळायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले.